बॉनेटवर पुन्हा पुन्हा तेच खड्डे: जुन्या ट्रॅक्टरला काचेसारखी चमक का येत नाही

रंगाचा शेवटचा हात मारून स्प्रे गन खाली ठेवावी, आणि दोन मिनिटांत ओल्या रंगावर बारीक गोल खड्डे उघडायला लागावेत. मसुराच्या डाळीएवढे. मधोमध खालचा प्राइमर दिसतो आणि भोवती रंगाची वर आलेली कड. आम्ही पेंटर लोक याला फिश आय म्हणतो. वाळल्यावर घासून परत रंग मारला तरी ते बहुतेक त्याच जागी परत येतात. मग माणूस रंगाचा डबा बदलतो, थिनर बदलतो, शेवटी पेंटरच बदलतो. खड्डे मात्र तसेच राहतात.

माझी शेड निपाणीच्या अलीकडे आहे. चिकोडी, संकेश्वर, सदलगा, बेडकिहाळ या बाजूचे ऊस ओढणारे जुने ट्रॅक्टर माझ्याकडे रंगाला येतात. ही तक्रार घेऊन येणारे दरवर्षी असतात. म्हणून आधी याच खड्ड्यांचं सगळं लिहितो. बाकीचे दोष नंतर, जेवढ्यास तेवढे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गावाकडचे एक मामा त्यांचा जुना लाल ट्रॅक्टर घेऊन आले. बॉनेट आधी दोनदा दुसरीकडे रंगवून झालं होतं. तिसऱ्यांदा मी रंगवलं आणि माझ्यासमोरच खड्डे उघडले. मामा शेजारी उभे होते. म्हणाले, "तीनदा झालं की रं, अजून खड्डंच पडाल्यात." मला खरंच वाईट वाटलं. त्यांनी उसाच्या बिलातले पैसे बाजूला काढून आणले होते आणि मी त्यांना दुपारपर्यंत बॉनेट तयार होईल असा शब्द दिला होता.

त्या दिवशी रंगाला हात न लावता मी फक्त खड्ड्यांकडे बघत बसलो. सगळ्यात दाट खड्डे डिझेल टाकीच्या तोंडाभोवती होते, आणि तिथून ते खाली उताराला पांगत गेले होते. मडगार्डवर एकही नव्हता. रंग तोच, थिनर तेच, गन आणि हवाही तीच. दोष रंगात असता तर मडगार्डही खराब झालं असतं. म्हणजे कारण बॉनेटमध्येच होतं.

खड्डा पडतो तो तेलामुळे. ओला रंग पृष्ठभागावर पसरू बघतो, पण जिथे डिझेल, ग्रीस किंवा सिलिकॉनचा नुसता अंश असतो तिथे रंग त्याला धरत नाही, चारी बाजूंनी मागे सरतो. तव्यावर तेलाचा थेंब असताना पाणी शिंपडलं तर पाणी जसं गोळा होऊन बाजूला होतं, तसंच. ते तेल डोळ्यांना दिसत नाही आणि बोटालाही लागत नाही. जुन्या ट्रॅक्टरच्या पत्र्यात गंजाचे बारीक खळगे असतात. वर्षानुवर्षं टाकी भरताना सांडलेलं डिझेल त्यात मुरून बसतं. त्यावर कुणी पुट्टी ओढली असेल तर पुट्टीही ते थोडं थोडं पिते. वरून कितीही घासा, थिनरने ते सैल झालं की परत वर येतं.

ते कुठे आहे हे शोधायची साधी रीत आहे. घासून साफ केलेल्या भागावर स्वच्छ पाणी ओता आणि वाकून बाजूने बघा. पाण्याचा पापुद्रा अर्धा मिनिट सलग टिकला तर जागा साफ आहे. पाणी फाटून थेंब थेंब झालं तर तिथे तेल आहे. मामांच्या बॉनेटवर टाकीच्या तोंडाभोवती वीतभर गोलात पाणी एक क्षणही थांबत नव्हतं. बाकी जागी छान पसरलेलं, आणि तेवढ्याच गोलात मोत्यासारखे थेंब. खडूने त्याभोवती गोल काढला तेव्हा मामाही गप्प झाले.

आता साफसफाईचं. इथेच नव्वद टक्के काम बिघडतं, म्हणून सविस्तर सांगतो.

सगळ्यात आधी पाणी आणि साबण, थिनर नव्हे. आपल्या भागातला ट्रॅक्टर उसाच्या फडात आणि खताच्या पोत्यांत वावरलेला असतो. उसाचा रस आणि युरिया या दोन्ही गोष्टी पाण्यात विरघळतात, थिनरमध्ये नाही. थिनरने कितीही पुसलं तरी त्या पत्र्यावर राहतात आणि पुढे फोडांच्या रूपाने वर येतात. तेव्हा साबणाच्या पाण्याने ब्रश लावून धुवा. मग भरपूर साध्या पाण्याने धुवा, साबणाचा अंशही राहू देऊ नका, आणि पूर्ण वाळू द्या. थिनर किंवा डिग्रीसर, म्हणजे तेल-ग्रीस काढणारं औषध, यानंतरच.

थिनरने पुसताना दोन फडकी लागतात आणि दोन्ही स्वच्छ, सुती, रंग न जाणारी हवीत. एक ओलं, एक कोरडं. ओल्याने हातभर जागा पुसायची आणि थिनर उडून जायच्या आत लगेच कोरड्याने टिपून घ्यायची. थिनर तेलाला फक्त सैल करतं. ते सैल झालेलं तेल कोरड्या फडक्याने उचललं नाही तर थिनर उडून जातं आणि तेल तिथेच, उलट अजून मोठ्या जागेवर पसरून बसतं. मामांच्या बॉनेटवर नेमकं हेच झालं होतं, आणि तिसऱ्या वेळी ते माझ्या शेडमध्येच झालं. माझ्या पोराने एकच चिंधी थिनरच्या डब्यात बुचकळून टाकीपासून खालपर्यंत फिरवली होती. खड्डे उताराला का पांगले होते ते तेव्हा उमगलं. चिंधी ज्या वाटेने फिरली त्याच वाटेने ते गेले होते. आणि चिंधी परत डब्यात बुडवल्यामुळे अख्खा डबाच तेलकट झाला होता. आता आमच्याकडे थिनर डब्यातून फडक्यावर ओतायचं, फडकं डब्यात घालायचं नाही, असा नियम आहे. फडकंही दर दोन हात जागेला बदलायचं.

मुरलेलं डिझेल एका पुसण्यात निघत नाही. टाकी काढून बाजूला ठेवा. बॉनेट उन्हात तापू द्या किंवा हीट गनने कोमट करा. गरम झालं की खळग्यातलं तेल वर येतं, तेव्हा पुसा. थंड होऊ द्या, परत तापवा, परत पुसा. मी सकाळपासून चार वेळा केलं तेव्हा कुठे पाणी सलग टिकलं. ज्या जागी जुनी पुट्टी तेल प्यायली होती तिथली ती खरवडून पत्र्यापर्यंत काढून टाकली. तेल प्यायलेली पुट्टी वाचवायच्या भानगडीत पडू नका. आणि हे सगळं करताना टाकीच्या आसपास ज्योत, वेल्डिंग, विडी काही नको. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते. भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना जास्तच, भीती तिची बाळगा.

बॉनेटखाली, हायड्रॉलिकच्या कव्हरला किंवा गिअरबॉक्सच्या सांध्याला तेल पाझरत असेल तर आधी सील बदला, मग रंगाचं बघू. पाझरणाऱ्या सांध्यावर रंग टिकलेला मी आजवर पाहिलेला नाही. मिस्त्री "रंगाने गळती बंद होते" म्हणाला तर ऐकू नका.

पाणी टिकलं, सील बदलले, तरी खड्डे आले तर मग कंप्रेसर तपासा. गन न जोडता पाइपचं तोंड पांढऱ्या कागदासमोर धरा आणि दोन मिनिटं हवा मारा. कागदावर तेलकट डाग आला तर पिस्टन रिंग झिजली आहे आणि कंप्रेसर तेल टाकतोय. पंक्चरच्या दुकानातून घेतलेले जुने कंप्रेसर हे हमखास करतात. टायरला त्याने काही बिघडत नाही, रंगाला बिघडतं. तसंच हवा स्वच्छ काचेवर मारा. काचेवर धुकं आलं तर पाणी येतंय. हवा दाबली की तापते आणि आतलं पाणी वाफेच्या रूपात फिल्टरमधून सरळ निघून जातं, नंतर पाइपमध्ये गार होऊन थेंब बनतं. म्हणून फिल्टर कंप्रेसरला चिकटवून लावू नका. मधे वीस-पंचवीस फूट जीआय पाइप टाका, तो कंप्रेसरच्या बाजूला उतरता ठेवा, आणि फिल्टर त्याच्या टोकाला, गनच्या जवळ लावा. कंप्रेसरच्या टाकीखालचा कॉक रोज सकाळी आणि दुपारी उघडा. पावसाळ्यात त्यातून तांब्याभर पाणी निघतं.

आणखी एक चोर आहे, सिलिकॉन. टायरला चकाकी आणणारे, डॅशबोर्डला लावायचे स्प्रे आणि काही पॉलिश यांच्यात ते असतं. रंगकामाच्या शेडमध्ये कुणी एकाने टायर चमकवला तरी ते हवेतून येऊन बॉनेटवर बसतं. आम्ही शेडच्या दारावर पाटी लावली आहे. खड्डे सगळीकडे सारखे, बारीक आणि कुठल्याही वाटेशिवाय आले असतील तर आधी सिलिकॉनचाच संशय घ्या.

रंग मारताना खड्डे उघडले तर घाबरून त्यावर जाड हात मारू नका. तिथे रंग साठतो, ओघळतो आणि खड्डा तसाच राहतो. दोन-चारच असतील तर थांबा. रंग दहा-पंधरा मिनिटं बसू द्या, मग त्या जागेवर अगदी हलका, कोरडा फवारा मारा, थांबा, परत मारा. खूप असतील तर मनाचा हिय्या करून ओला रंग थिनरने पुसून काढा आणि सुरुवातीपासून जा. वाळल्यावर दिसले तर खड्ड्याच्या तळापर्यंत घासल्याशिवाय नवा हात मारू नका. खड्डे बुजवणारं औषध बाजारात मिळतं, ते रंगात थेंब थेंब टाकतात. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा. एका हातात टाकलं की पुढच्या प्रत्येक हातात टाकावं लागतं, आणि प्रमाण चुकलं तर तेच नव्याने खड्डे पाडतं.

खड्ड्यांनंतर जास्त येणारी तक्रार म्हणजे रात्री आरशासारखं दिसलेलं बॉनेट सकाळी पांढरट, मेलेलं निघतं. ही बहुतेक खंडेनवमीच्या आठवड्यात येते. पूजेला ट्रॅक्टर रंगवून उभा करायचा असतो, आणि त्यानंतर लगेच ऊसतोड. त्यामुळे सगळ्यांना त्याच आठ दिवसांत रंग हवा असतो. पण त्या दिवसांत वेदगंगा-दूधगंगेच्या काठाला पाऊस पुरता सरलेला नसतो, आणि पहाटे धुकं उतरतं. सिंथेटिक इनॅमलचा वरचा थर वाळायला काही तास लागतात. संध्याकाळी चारला मारलेला रंग दव पडायच्या वेळेला ओलाच असतो. उघड्यावरचा पत्रा रात्री हवेपेक्षाही गार होतो, म्हणून दव आधी त्याच्यावरच धरतं. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाला तर दवाचीही गरज नाही. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग एवढा गार होतो की दमट हवेतलं पाणी दुपारीसुद्धा त्यात अडकून तो पांढरा पडतो.

उपाय वेळेचा आहे. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा, निदान ३ अंश सेल्सिअस वर असेल तेव्हाच रंग मारावा. मोजायचं साधन नसेल तर सकाळी दहाच्या आधी आणि दुपारी दोनच्या नंतर सुरुवात करू नका, आणि रात्री बॉनेट छपराखाली ठेवा. भिंती नसल्या तरी चालेल, वर आभाळ नको. एनसी पांढरा पडला तर सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा मारून कधी कधी चमक परत येते. इनॅमल मेला तर तो पूर्ण कडक होऊ द्यावा लागतो, मग घासून पुन्हा हात. खंडेनवमीला रंग हवा असेल तर गणपतीतच ट्रॅक्टर आणा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. काही जण रागावतात. पण घाईत मारून सकाळी पांढरा दिला तर ते जास्त रागावतील.

संत्र्याच्या सालीसारखा रंग येणं आणि रंग ओघळणं ही एकाच गाडीची दोन चाकं आहेत. रंग घट्ट, हवा कमी, गन लांब किंवा पत्रा उन्हात तापलेला असला तर थेंब पसरायच्या आत वाळतात आणि साल दिसते. रंग पातळ, गन जवळ आणि हात सावकाश असला तर ओघळ. डोळ्यांनी पातळपणा ठरवू नका. बी-४ कप, म्हणजे पातळपणा मोजायचा, तळाला भोक असलेला कप घ्या, भरा, बोट काढा आणि घड्याळ बघा. वरच्या हाताला साधारण १८ ते २२ सेकंदांत कप रिकामा झाला पाहिजे. डब्यावर वेगळा आकडा असेल तर तोच धरा. वरच्या रंगाला १.३ किंवा १.४ मिलिमीटरचा नोझल, प्राइमरला १.६ ते १.८. गन पत्र्यापासून सहा ते आठ इंच, म्हणजे पसरलेल्या वितीपेक्षा थोडं कमी. मनगट फिरवायचं नाही, हात सरळ न्यायचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. ट्रिगर बॉनेटच्या बाहेर दाबायला सुरुवात आणि बाहेरच सोडायचा.

बॉनेटवर जायच्या आधी पुठ्ठ्यावर एक फवारा मारून बघा. नक्षी उभी, दोन्ही बाजूंना सारखी हवी. एका बाजूला जड असेल तर गनच्या तोंडावरची एअर कॅप अर्धा फिरवून परत मारा. जड बाजूही फिरली तर कॅपची भोकं तुंबली आहेत. फिरली नाही तर नोझल किंवा सुई बघा. कॅप साफ करायला तार किंवा टाचणी घालू नका, भोक मोठं होतं. थिनरमध्ये भिजवा आणि मऊ ब्रश किंवा लाकडी काडी वापरा.

पहिला हात पातळ, फक्त पकड येण्यापुरता. दहा-पंधरा मिनिटांनी दोन ओले हात. ओलेपणा ओळखायचा तो रंगाकडे समोरून बघून नाही. शेडमधल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बॉनेटवर तिरकं बघा. ट्यूबची कड फाटकी दिसली तर रंग कोरडा पडतोय, कड सरळ झाली की हात पुढे न्या.

सुरकुत्यांचं कारण बहुतेक एकच. जुन्या सिंथेटिक इनॅमलवर एनसी रंग किंवा एनसी थिनर गेलं की खालचा थर सुजून वर येतो. कोपऱ्यात थिनरचं फडकं मिनिटभर दाबून ठेवा. जुना रंग मऊ पडला तर तो पूर्ण खरवडा, नाहीतर त्यावर इनॅमलच मारा.

दोन-तीन महिन्यांनी फोड येत असतील तर पाणी आत अडकलं आहे किंवा खताचं मीठ खाली राहिलं आहे. पॉलिएस्टर पुट्टी पाणी पिते, म्हणून ती नेहमी कोरडी घासा आणि लगेच प्राइमर मारा. जुना लाल, पिवळा, नारिंगी रंग मात्र ओलाच घासा, कारण त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ घरातल्या लेकरांपर्यंत जाते. घासायच्या पेपरचा क्रम पुट्टीला ८० ते १८०, प्राइमरला ३२० किंवा ४००, वरच्या हाताआधी ६०० ते ८००. मधला नंबर गाळला तर ओरखडे चमकत्या रंगातून महिन्याने वर दिसतात.

सँड ब्लास्टिंग करावं का, असं पुष्कळ जण विचारतात. रिमला आणि जाड लोखंडाला चांगलं. बॉनेटच्या पातळ पत्र्याला नको, वाळूच्या माऱ्याने पत्रा पोळीसारखा फुगतो आणि मग त्यावर कुठलाही रंग सपाट दिसत नाही.

हार्डनर घालायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन रंग सगळ्यात जास्त चमकतो आणि डिझेललाही टिकतो, हे खरं. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा लागू शकतो आणि एकदा लागला की पुढे थोड्याशा वासानेही छाती भरते. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा मास्क बांधून हा रंग कुणी मारू नये. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क असेल तरच पीयूला हात घाला. अंगणात स्वतः रंगवणार असाल तर सिंथेटिक इनॅमलवर राहा, तोंडाला कार्बनच्या डब्यांचा मास्क लावा. नीट मारलेलं इनॅमल पीयूच्या जवळ जाईल एवढं चमकतं. फक्त कडक व्हायला त्याला काही आठवडे लागतात, तोवर त्याला घासून चमकवायचं कंपाउंड लावू नका.

मामांचं बॉनेट चौथ्यांदा मी सकाळी साडेदहाला सुरू केलं. आधी पाणी ओतून त्यांनाच दाखवलं, टाकीच्या तोंडाभोवती पापुद्रा सलग होता. तीन हात झाले, आम्ही दोघं वाकून बघत राहिलो, एकही खड्डा उघडला नाही. आठ दिवस ट्रॅक्टर शेडमध्येच ठेवला. नेताना मी एवढंच सांगितलं की सांडलेलं डिझेल तसंच राहू देऊ नका. परवा ते हवा भरायला थांबले होते. टाकीच्या झाकणाला त्यांनी एक सुती फडकं सुतळीने बांधून ठेवलं आहे, आणि डिझेल भरून झालं की आधी तेच फिरवतात.